घरच्या टेबलावरची पाहुणी

मंगळवार, ७ सप्टेंबर

आय ॲम लेओन्सियो. धिस इज टेबल. टेबल इज गुड. आय ॲम टायर्ड.

रोज चार ओळी इंग्रजीत लिहा, असं शेपर्ड मास्तरांनी सांगितलंय. लिहिल्या. आता खरं काय झालं ते आपल्या स्पॅनिश भाषेत लिहितो, कारण त्या चार ओळींत माझं काहीच मावत नाही.

आमच्या 'पाल्मा सोला' हॉटेलात राजधानीहून नवी मॅनेजर आलीय, मारितेरे इन्फांते. वय तिशीच्या आतबाहेर, उंच टाचा, फोन हाताला चिकटलेला. तिनं सकाळी आम्हा सगळ्यांना जेवणघरात उभं केलं. म्हणाली, "जानेवारीत देवमासे बघायला पाहुणे येतील. तोवर ज्याला इंग्रजीत बोलता येईल तो पाहुण्यांसमोर राहील. ज्याला येणार नाही त्याची सोय मागच्या बाजूला करू. लाँड्री, बाग, भांडी." हे बोलताना ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती, त्यावरून ओळखलं की माझ्याबद्दलच बोलतेय.

मी इथला मुख्य वेटर. आमच्या लास गालेरास गावाचा रस्ता डांबरी नव्हता तेव्हापासून. मंत्र्यांना वाढलंय, नव्या नवरा-नवरींना वाढलंय, एका बिशपच्या घशात माशाचा काटा अडकला तेव्हा पाठीत बुक्की घालून त्याला वाचवलंय. यातल्या कशालाही इंग्रजी लागलं नाही. पाहुणा भुकेला असतो आणि माझ्या हातात ताट असतं. मध्ये बोलायचं काय?

तरी शिकणार. मागे लाँड्रीत माझी बायको झुनिल्दा काम करते. बायकोच्या हाताखाली चादरी पिळायच्या या वयात? त्यापेक्षा इंग्रजी सोपं.

गुरुवार, ९ सप्टेंबर

पहिला तास, हॉटेलातच. शेपर्ड मास्तर सामाना शहरातल्या जुन्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांच्या घराण्यातले मूळ लोक फार पूर्वी उत्तरेकडून जहाजानं आले आणि घरात इंग्रजी बोलत राहिले. त्यामुळे त्यांचं इंग्रजी अगदी देवाधर्माचं आहे. पाहुणा निघाला की "गो इन पीस" म्हणायचं, असं त्यांनी शिकवलं. मला फार आवडलं.

वर्गात बाकीचे सगळे माझ्या मुलाच्या वयाचे. मास्तरांनी मला पहिलं उभं केलं, ज्येष्ठ म्हणून. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "टुडे वी हॅव सोप. पंपकिन सोप. व्हेरी हॉट."

वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "लेओन्सियो, तू पाहुण्याला साबण वाढतोयस, बाबा."

आता बघा. आपण 'सोपा' म्हणतो, त्याला ते सूप म्हणतात. आणि ते सोप म्हणतात तो साबण. एक काना गेला की जेवणाची आंघोळ होते! असल्या भाषेत माणसं व्यवहार कसा करतात, कळत नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

मास्तर म्हणतात सराव हवा, समोर पाहुणा बसवून. पाहुणा कुठून आणू? तीलोला विचारलं. तीलो म्हणजे आमच्या शेजारचा दुकानदार, डॉमिनोच्या खेळातला माझा जोडीदार. तो म्हणाला, "फुकट जेवण असेल तर येतो, पण बोलणार स्पॅनिशमध्येच."

शेवटी झुनिल्दाला म्हणालो, "तू पाहुणी हो."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. बसायचं. मी वाढतो."

"बसायचं?"

"हो."

"आणि उठायचं कधी?"

"जेवण संपल्यावर, आणि कधी!"

ती खुर्चीकडे बघत राहिली. कुणी ती मागून ओढून घेणार आहे, असं तिला वाटलं असावं. मग बसली, पण अगदी कडेला. दोनदा सवयीनं उठली, एकदा मीठ आणायला आणि एकदा मला पाणी द्यायला. दोन्ही वेळा मी तिला रागावलो. अशी उठबस करणारी पाहुणी असेल तर सराव होणार कसा?

गुरुवार, १६ सप्टेंबर

आज ती रविवारच्या चर्चला घालते ती कानातली घालून बसली. मी कमरेला रुमाल बांधला, डावा हात पाठीशी, आणि म्हणालो, "गुड ईव्हनिंग, मादाम."

आधी ती तोंडावर हात धरून हसली. मग मान ताठ केली आणि म्हणाली, "गुड ईव्हनिंग." छान म्हणाली. थोडी नाकातून.

मी मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि तळलेलं सलामी पुढे ठेवलं. तिनं एक घास घेतला, ताट बोटानं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "कोल्ड."

पाठांतरासाठी मी एकेका पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहून पत्ते केलेत, त्यांत आज हा शब्द होता. पत्ते तीच माझ्यासमोर धरते.

मी म्हणालो, "सकाळी तूच शिजवलंयस ते. गार असणारच."

"मी? मी तर आजच विमानातून उतरले."

गरम करून आणलं. नवऱ्याकडून ताट परत पाठवायला तिला जरा जास्तच आवडतंय असं दिसतं. पण सराव म्हणून ठीक.

शनिवार, २५ सप्टेंबर

आता संध्याकाळी आमच्या खिडकीशी गर्दी जमते. तीलो दुकान बायकोवर टाकून येतो. "काय मिस्टर, आज मादाम खूश का?" मी त्याच्याशी बोललो नाही. वेटर कामावर असताना बोलत नाही.

मादामनं आज दोनदा ताट परत पाठवलं. खिडकीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

मादामच्या तक्रारी वाढत चालल्यात. अन्न शिळं, अन्न कोरडं. शेवटी मी म्हणालो, "मग ताजं कोण करणार?" तर ती रुमाल मांडीवर पसरत म्हणाली, "ते हॉटेलवाल्यांचं काम."

म्हणून आज मी नारळाच्या रसातला मासा केला. आयुष्यात पहिल्यांदा. ती सांगत होती आणि मी करत होतो, पण ती टेबलावरून सांगत होती, उठत नव्हती. मासा थोडा करपला. तिनं मात्र सगळा खाल्ला आणि पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवून डोळे मिटून बसली. म्हणाली, "माय फीट स्वेल."

मी पत्ते तपासले. असला शब्द पत्त्यांत नाही. म्हणालो, "पाहुणी पायांबद्दल बोलत नाही, पाहुणी हवेबद्दल बोलते."

ती हे शब्द आणते कुठून, तेही आज कळलं. आमचा वर्ग चालतो त्याच्या शेजारच्या खोलीत ती रुमालांना इस्त्री करते. वर्ग संपला की मास्तरांना नारळाचा पाव देते आणि याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात विचारत बसते. ऐंशीच्या घरातला माणूस, त्याचा वेळ असा पायांच्या सुजेवर घालवावा? मी तिला समजावलं. ती "येस, सर" म्हणाली.

बुधवार, २० ऑक्टोबर

आमच्या दारात भाड्याची गाडी थांबली. आत दोन लाललाल गोरे, हातात नकाशा. मी लगेच पुढे झालो, वाकलो आणि वर्गात शिकवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. वेलकम, हाऊ आर यू, टेबल फॉर टू, वुई हॅव फिश, फिश इज गुड. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातली बाई म्हणाली, "बीच?"

मी सुरुवातीपासून पुन्हा सांगणार, तेवढ्यात झुनिल्दा दोरीवर कपडे वाळत घालता घालता ओरडली, "लेफ्ट! देन हिल. देन सी!"

ते हात हलवून निघून गेले.

एकही वाक्य धड नाही. ना कर्ता, ना क्रियापद. मी तिला जेवताना व्याकरण समजावलं. ती ऐकत ऐकत झोपून गेली.

बुधवार, ३ नोव्हेंबर

वीज गेली. अंधारातच सराव केला. पत्ते दिसत नव्हते म्हणून माझं अडत होतं. तिचं अडलं नाही. तिला मुळात पत्ते बघायची सवयच नाही, हे त्याचं कारण.

सोमवार, १५ नोव्हेंबर

आज चाचणी परीक्षा होती. खरे पाहुणे, आणि मारितेरे शेजारच्या टेबलावर बसून ऐकणार.

जाताना एक शुभशकुन झाला. जेवणघराच्या दारावर तिनं नवी हिरवी पाटी लावलीय, एक्झिट. आपल्याकडे 'एक्सितो' म्हणजे यश. मला वाटलं, परीक्षेच्या दिवशी दारावर 'यश' लिहून आमचा धीर वाढवते, पोरगी वाटली तेवढी वाईट नाही. मी पाटीला हात लावून नमस्कार केला. (रात्री झुनिल्दानं सांगितलं, त्याचा अर्थ 'बाहेर'.)

माझ्या वाट्याला सत्तरीतलं एक इंग्रज जोडपं आलं. सुरुवात सुरेख झाली. सूप मी सूप म्हणूनच वाढलं. मग आजीबाईंचा हात लागून लाल वाइन पांढऱ्या कापडावर सांडली. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले, लाजेनं गुलाबी झाल्या आणि म्हणाल्या, "ओ, आय ॲम सो एंबॅरस्ड!"

आपल्याकडे 'एंबारासादा' म्हणजे गरोदर. दुसरा अर्थच नाही.

 त्यांच्या वयाकडे बघितलं. मग म्हटलं, देवाच्या मनात आलं तर आपण कोण? बायबलातल्या साराबाईंना नव्वदीत नाही का मूल झालं? "गॉड इज ग्रेट, मादाम," मी म्हणालो. वाइनचा पेला पुढ्यातून उचलला, ती त्या अवस्थेत प्यायची नसते. दुधाचा पेला आणून ठेवला, पाठीशी उशी दिली. आजोबांचा हात हातात घेऊन मनापासून दाबला आणि म्हणालो, "यू, सर! स्ट्राँग मॅन!"

आजोबांना दोन मिनिटं काही कळेना. मग आजीबाईंना कळलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा खूश पाहुणा झाला नाही.

मारितेरे हसली नाही. तिनं मला बाजूला घेऊन त्या शब्दाचा अर्थ सांगितला. मानाचं 'डॉन' लावून म्हणाली, "डॉन लेओन्सियो, आज पाहुणे चांगले होते म्हणून निभावलं. जानेवारीत पुन्हा बघू. ती शेवटची संधी."

माझं म्हणणं एवढंच, शब्द त्यांनी आपल्याकडूनच नेला असणार आणि वाटेत अर्थ बदलला. त्याला मी जबाबदार नाही.

शनिवार, १८ डिसेंबर

नाताळची गडबड. तयारी उत्तम आहे. मी सगळी वाक्यं पाठ केलीत, झोपेतसुद्धा म्हणतो, असं झुनिल्दा म्हणते.

आज सरावात तिनं मध्येच खेळ थांबवला. "म्हाताऱ्या, तू ऐकत नाहीस. मी काय मागतेय ते तुझ्या कानावरच जात नाही. तुझं पुढचं वाक्य तयार असतं."

"तू काय मागितलंस?"

"पाणी."

"मग मी काय आणलं?"

"भात."

पण भात चांगला होता, हे तिनं मान्य केलं.

शुक्रवार, १४ जानेवारी

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

खाडीत देवमासे आलेत, हॉटेल भरलंय. मारितेरेनं मला सहा नंबरचं टेबल दिलं, बोस्टनचं जोडपं, आणि स्वतः खांबाजवळ बसली. बाई उंच, हसरी, डोक्यावर मोठी टोपी. मी त्यांना आमचा खास पदार्थ सुचवला, नारळाच्या रसातला मासा, वरून कोळंबीचा रस्सा. "विथ श्रिंप, मादाम. व्हेरी गुड."

त्या हसत हसत म्हणाल्या, "ओ नो, श्रिंप, आय स्वेल अप!" आणि गळ्याशी हात नेला.

मी काय ऐकलं? मी 'वेल' ऐकलं. वेल म्हणजे छान. गळ्याशी हात म्हणजे, इथपर्यंत आवडते. 'नो' मी ऐकलाच नाही. "व्हेरी वेल, मादाम!" म्हणालो आणि आत जाऊन आचाऱ्याला सांगितलं, कोळंबी दुप्पट घाल.

मी ताट ठेवलं. रस्सा नुसता केशरी दिसत होता, कोळंबी खाली बसली होती. बाईंनी दिव्याच्या उजेडात त्याचं कौतुक केलं, काटा उचलला आणि नवऱ्याशी बोलता बोलता घास तोंडाशी नेला.

झुनिल्दा रुमालांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती. मघाशीही ती तिथंच होती, मला माहीत नव्हतं. तिनं गठ्ठा तिथंच टाकला. "स्टॉप!" असं ओरडली की अख्खं जेवणघर वळून बघायला लागलं. लाँड्रीच्या ओल्या एप्रनमध्ये ती टेबलांमधून धावत आली आणि तिनं बाईंचं मनगट धरून हात खाली केला.

"नो ईट, मादाम. श्रिंप इनसाइड. यू स्वेल."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्यानं पिशवीतून ॲलर्जीवरच्या इंजेक्शनाची नळी काढून टेबलावर ठेवली, ती लागली नाही. पण ती बघून मला कळलं की मी काय वाढलं होतं.  मी मागच्या दारानं बाहेर गेलो आणि नारळाच्या झाडाला धरून उभा राहिलो.

थोड्या वेळानं झुनिल्दा आली. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तिनं फक्त माझ्या कमरेचा रुमाल सोडला, त्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घरी चल."

शनिवार, १५ जानेवारी

आज काही लिहायचं नाही.

सोमवार, १७ जानेवारी

मारितेरेनं बोलावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला खुर्ची दिली, कॉफी दिली. म्हणाली, उद्यापासून मी लाँड्रीत. पगार तोच. मी मान हलवली.

मग म्हणाली, "डोन्या झुनिल्दांना मी जेवणघरात यायला सांगितलं होतं. पाहुण्यांशी बोलायला. त्या नाही म्हणाल्या. का, ते तुम्हीच विचारा."

मला हे ठाऊकच नव्हतं. घरी गेलो तर ती शेंगा सोलत होती.

"का नाही म्हणालीस?"

"तिथं तुझी जागा आहे."

"आता नाहीये."

"म्हणून तर."

 मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला घेतल्या. मग विचारलं, "तुला इंग्रजी एवढं आवडतं?"

"इंग्रजीचं काय घेऊन बसलास? मला बसायला आवडायचं." ती खाली बघतच बोलत होती. "कुणी येऊन विचारायचं, मादाम, काय आणू? आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, काय आणू म्हणून. मग वाटलं, त्या बायकाही एवढ्या लांबून येतात, त्यांनाही हेच हवं असेल. त्या काय मागतात ते नीट ऐकावं. एवढंच."

इथं खोटं लिहून उपयोग नाही. मी तिला "जा" म्हणालो. पण गोड शब्दांत नव्हे, दार आपटल्यासारखं म्हणालो. आणि मनातून वाटत होतं की तिनं पुन्हा नाही म्हणावं.

ती म्हणाली, "बरं. जाते."

सोमवार, २४ जानेवारी

लाँड्री म्हणजे पत्र्याखालची भट्टी आहे. ओली चादर माणसाएवढी जड असते, आणि बाया दिवसभर त्या उचलतात, वर गाणी म्हणतात. माझा पहिला दिवस बघून त्यांना फार आनंद झाला. "डॉन लेओ, टेबलक्लॉथला गुड ईव्हनिंग म्हणा, त्याशिवाय सुरकुती जात नाही!" मी कुणाला उलट बोललो नाही. त्यांच्यातली सगळ्यात जास्त बोलणारी कालपरवापर्यंत माझी बायकोच असायची, आणि मला वाटायचं ती घरीच तेवढी गप्प असते.

झुनिल्दाची जेवणघरातली पहिली संध्याकाळ आजच होती. पांढरा ब्लाऊज, तीच कानातली. मी रुमाल पोचवण्याच्या निमित्तानं तीनदा जाऊन आलो. चौथ्यांदा निमित्तही नव्हतं.

बोलण्यात तोड नाही. टेबलाशी जाते, थांबते, ऐकते, मग चार शब्द बोलते आणि पाहुणे हसतात. पण हात! तिला दोन ताटंसुद्धा एकत्र उचलता येत नाहीत. एक एक ताट पोटाशी धरून, लेकरू न्यावं तशी नेत होती. स्वयंपाकघरात ताटांची रांग लागली, आचारी शिव्या देत होता. वाइनचं बूच काढायला तिनं बाटली गुडघ्यांत धरली. पाहुण्यांसमोर!

तिनं मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं.  डोळ्यांनीच म्हणाली, ये की रे.

मी लाँड्रीच्या शर्टातच आत गेलो. बाटली घेतली, बूच काढलं, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. मग तीन ताटं डाव्या हातावर, एक उजव्या. ती सांगायची, "चार नंबर, बिनमिठाचा मासा. सात नंबरच्या आजोबांना चमचा, काटा नको," आणि मी ते तिथं ठेवायचो. कुणाला काय हवंय ते तिला माहीत, आणि कसं न्यायचं ते मला. जेवणघर असं चाललं की मी स्वतःच कधी तसं चालवलं नव्हतं.

मारितेरे दारात हाताची घडी घालून बघत होती. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "डॉन लेओन्सियो, उद्यापासून दुपारपर्यंत लाँड्री, संध्याकाळी इथं. एकच अट. टेबलाशी तोंड उघडायचं नाही."

मी तोंड न उघडता मान हलवली. सराव म्हणून.

रविवार, २० फेब्रुवारी

आज आम्हा दोघांना सुट्टी. झुनिल्दा म्हणाली, "दुसऱ्याच्या हॉटेलात जाऊन जेवू या." असं आम्ही कधीच केलं नव्हतं. व्हॅन बदलत बदलत लास तेरेनासला गेलो. समुद्राकाठी एक निळं हॉटेल बघितलं. ती नवी गवती टोपी घालून पुढे, मी काळा चष्मा लावून मागे.

दारात वेटर उभा होता. माझ्याच वयाचा, केस पांढरे, रुमाल कमरेला अगदी नीट बांधलेला. आणि झुनिल्दाच्या तोंडून, महिनाभराच्या सवयीनं, निघून गेलं, "गुड आफ्टरनून."

तो माणूस ताठ झाला. मागे गल्ल्यावर मालक बसला होता, त्यानं वर्तमानपत्र खाली केलं. वेटरनं एकदा तिकडे बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "वेलकम, मादाम, सर. टुडे, फिश. फिश इज टुडे."

मी सांगणार होतो, दादा, आम्ही इथलेच, लास गालेरासचे. तोंड उघडलंही होतं. पण मालकाचे कान टवकारलेले दिसले. आणि वेटर ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य घोकत होता. ते घोकणं मला नवं नव्हतं.

मी म्हणालो, "फिश. प्लीज. थँक यू."

झुनिल्दानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनंही मग ओळखलं, मान ताठ केली आणि नाकातून बोलायला लागली.

"व्हेअर फ्रॉम, सर?"

"कॅनडा."

"कॅनडा कोल्ड?"

"व्हेरी कोल्ड. एव्हरी डे."

फिश मागितली होती, आली तळलेली कोंबडी. तिनं पाणी मागितलं, आला अननसाचा रस. झुनिल्दा काही बोलणार, तोच मी कोंबडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आम्ही सगळं संपवलं. मालक स्वतः उठून आला. "एव्हरीथिंग ओके, सर?"

माझ्या डोक्यात एकही पाठ केलेलं वाक्य नव्हतं. तरी उभा राहिलो. वेटर मालकाच्या मागे होता, हातात रिकामी ताटं घेऊन. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "धिस मॅन," म्हणालो, "व्हेरी गुड. आय आस्क, ही लिसन. यू हॅव व्हेरी गुड मॅन."

मालक खूश झाला. त्यानं वेटरच्या खांद्यावर थाप मारली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब इंग्रजी, आणि ते एका शब्दानंही चुकलं नाही, असं झुनिल्दा म्हणाली.

निघताना तो वेटर मागून आला. मालक बघत नाही असं बघून त्यानं माझ्या हातात चांदीच्या कागदाची एक गरम पुडी ठेवली आणि आत गेला.

व्हॅनमध्ये उघडली. आत कोंकोन! भांड्याच्या तळाची भाताची खरवड, जाड, खरपूस, तेलानं चकाकणारी. हॉटेलात हे कुणी पाहुण्याला वाढत नाही. त्यांना ते करपलेलं वाटतं. हे मागून खायचं असतं हे फक्त आपल्याच माणसांना माहीत, आणि देणाराही घरच्यालाच देतो.

कॅनडाच्या माणसाला त्यानं हे कसं काय दिलं, मला कळेना. बिचारा घाबरून गोंधळला असणार. मी झुनिल्दाला तसं म्हणालो. ती टोपी तोंडावर धरून लास गालेरास येईपर्यंत हसत होती.

पुढच्या खेपेला त्याला बाजूला घेऊन समजावीन, परक्या पाहुण्याला असलं काही देऊ नये म्हणून. खरवड मात्र फक्कड होती.